दुपारी अडीचच्या नोंदी

४ जानेवारी

ताई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिले होते, मग 'प्रिय' लिहिले. दोन्ही खोडून नुसते 'ताई' ठेवले आहे. तू माझी मामेबहीण, माझ्याहून नऊ महिन्यांनी मोठी. एवढ्याशा भांडवलावर तू मला लहानपणापासून 'ताई' म्हणायला लावलेस. तो हक्क अजून शाबूत आहे, असे मी गृहीत धरते.

गेल्या एकतीस वर्षांत आपण एकमेकींशी जे बोललो, ते सारे एका पोस्टकार्डावर मावेल. घरच्या लग्नांत गाठ पडली की 'कशी आहेस?', 'बरी आहे', 'गाडी किती वाजताची?' इथवर येऊन आपण थांबतो. तुझी खबर मला तुझ्या धाकट्या भावाकडून मिळते. गणवेशांच्या कारखान्यात चाळीस शिलाईयंत्रे तुझ्या कटिंगवर चालतात आणि तिथे लहानथोर सगळे तुला 'मास्तर' म्हणतात, असे तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. मला इथे विद्यार्थी 'मॅडम' म्हणतात. असो.

पत्राचे कारण कार्यालयीन आहे. हवामान खात्याने जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवण्याचे काम हाती घेतले आहे, आणि आपल्या महाविद्यालयाच्या वह्या तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. त्यांत आपल्या वर्षाची वही निघाली. तुला सगळे आठवत असेलच; तरी क्रमाने सांगते. सवयीचा दोष आहे. क्रमाने सांगितल्याशिवाय मला स्वतःलाही काही कळत नाही.

मैदानाच्या टोकाला चार पायांवर उभी असलेली ती झडपांची पांढरी पेटी. आत दोन तापमापक शेजारी शेजारी. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचे फडके गुंडाळलेले आणि फडक्याचे टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडलेले. फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेते, म्हणून ओला तापमापक कोरड्यापेक्षा कमी दाखवतो. हवा जितकी शुष्क, तितका दोघांतला फरक मोठा. दोन काचेच्या नळ्या आणि एक चिंधी, एवढ्या सामग्रीवर हवेतली न दिसणारी वाफ मोजता येते! माणसाने शोधलेल्या युक्त्यांत याहून देखण्या युक्त्या फार नसतील.

दर वर्षी दोन विद्यार्थ्यांकडे ही पेटी सोपवली जाई. त्या वर्षी आपण दोघी होतो. सकाळी आठची नोंद तुझी, दुपारी अडीचची माझी, रविवारच्या दोन्ही तुझ्या. मी माझे आकडे चिठ्ठीवर देई आणि ते वहीत उतरवायचीस तू, कारण वहीत एकच हात चालावा असा सरांचा दंडक होता. 'दोन हातांची वही म्हणजे दोन घड्याळांचं घर,' असे ते म्हणत. त्यांना आपण 'पारा सर' म्हणत असू. पारा एक तर नळीत चढायचा, नाही तर त्यांच्या कपाळात.

आता मुद्दा. खात्यातल्या एका तरुण संशोधिकेने आपल्या वर्षावर लाल खूण केली आहे: 'हस्ताक्षर क्रमांक चार, अविश्वसनीय.' हस्ताक्षर क्रमांक चार म्हणजे तू. त्या हातची एकूणएक नोंद गाळावी, असे तिने सुचवले आहे. म्हणजे दुपारच्या नोंदी तर जातीलच, पण तू रोज सकाळी आठला जाऊन घेतलेल्याही जातील. हे मला अन्यायाचे वाटते. वहीला जोडायचे टिपण मी लिहायचे आहे. मी असे लिहावे म्हणते: 'दुपारच्या काही नोंदी सदोष; कारण अज्ञात. सकाळच्या सर्व नोंदी ग्राह्य.' तुझी हरकत नसल्यास एक ओळ पाठव.

तुझी धाकटी


१९ जानेवारी

ताई,

तुझी ओळ आली नाही, आणि नाही आली हेच बरे झाले. 'कारण अज्ञात' हे मी ज्या सफाईने लिहिले, ते पंधरा दिवस माझ्यासमोर पडून आहे. कारण मला पक्के ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे. आपल्या दोघींना ठाऊक असलेली गोष्ट मी तुझ्याच संमतीने अज्ञात ठरवायला निघाले होते. याला काय म्हणावे?

मी कादंबऱ्या वाचत होते.

हे वाक्य लिहून पाहिले की ते अगदी निरुपद्रवी दिसते. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने कादंबऱ्या वाचू नयेत तर कुणी वाचाव्यात? म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

स्टेशनरीच्या दुकानामागे अर्धे शटर उघडे ठेवून चालणारे ते वाचनालय तुला आठवते का? तिथल्या बाई गळ्यात दोन चष्मे अडकवून बसत. पुस्तक परत दिले की त्या खरेच वाचले की नाही याची परीक्षा घेत.

'कोण मेलं?' त्या विचारत.

'कुणी नाही, बाई. लग्न झालं.'

'तेच ते,' म्हणत आणि पुढचा भाग काढून देत.

मी तो भाग दप्तरात घालून दुपारी बाराला तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात जात असे. वर गच्चीचे दार कायमचे कुलूपबंद, त्यामुळे त्या जिन्याने कुणी येत नसे. अभ्यासाचे पुस्तक उघडले की ते माझ्याकडे काहीतरी मागे: व्याख्या, सिद्धता, उत्तर. कादंबरी काही मागत नसे. शिकायला म्हणून मी तुमच्या घरी राहिले, तिथे तुम्ही मला कधी परके केले नाहीत. पण मी स्वतःच दोन वर्षे पाहुणीसारखी राहिले. अंग चोरून बसायचे, विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे नाही. कादंबरीच्या घरात मात्र मी वाटेल त्या खोलीत शिरत असे. कुणाच्या कपाटात काय आहे, कोण कुणावर रुसले आहे, सारे मला ठाऊक. आणि 'तू कधी जाणार?' असे विचारणारे तिथे कुणी नव्हते. सातशे पानांची एक घड्याळजीच्या कुटुंबाची कथा होती. ती संपली त्या दिवशी, आपल्याला कुणी घराबाहेर काढले, असे मला वाटले होते. इतके सुख मला पुढे कशात मिळाले असेल तर आठवत नाही. त्या सुखाला मी आजही दोष देत नाही. लाज वाटते ती निराळ्या गोष्टीची.

अडचण अडीच वाजता येई. नेमक्या त्याच वेळी बोटीवरचा कप्तान खोटे बोलत असे, किंवा बंद पत्र उघडले जात असे, आणि मला उठून मैदान ओलांडायचे असे. पहिल्या वेळी मी दहा मिनिटे उशिरा गेले. दुसऱ्या वेळी अर्धा तास उशिरा गेले आणि अडीचला किती असेल याचा अंदाज लिहिला. तिसऱ्या वेळी गेलेच नाही. पुढे पुढे वाचनात खंड नको म्हणून चिठ्ठी मी सकाळीच लिहून प्रयोगशाळेतल्या तुझ्या खणात टाकू लागले.

आणि हे सांगताना बोट थांबते, पण सांगितले पाहिजे: ते आकडे मी कादंबरीकारासारखे रचत असे. '३१.०' लिहिले तर ते रचलेले वाटते, '३१.४' लिहिले की कुणी तरी डोळे बारीक करून पाहिले असावे असे वाटते. ढगाळ दिवशी मी ओल्या-कोरड्यातला फरक कमी करी, वारा असला की वाढवी. बारीकसारीक तपशिलावर वाचक विश्वास ठेवतो, हे मी जिन्यात बसून शिकले आणि त्याचा पहिला प्रयोग तुझ्या वहीवर केला.

संध्याकाळी घरी जाताना तीच कादंबरी मी तुला सांगत असे. 'मग?' तू विचारायचीस. 'मग काय, नवरा परत आला.' 'अगं, तो बुडाला होता ना?' 'कुठला बुडतोय! तीन भाग शिल्लक आहेत.' तू इतकी हसायचीस की रस्त्यातले लोक वळून बघत. तुझ्या खणातली खोटी चिठ्ठी तू तासाभरापूर्वीच वहीत उतरवलेली असे.

अशा काही दुपारी गेल्या. टिपणात मी आता खरे कारण लिहीन.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझे कार्ड आले. तीनच शब्द: 'काही म्हणजे किती?'

मी इतकी वर्षे विद्यार्थ्यांच्या वहीत 'काही', 'थोडेसे', 'बरेच' या शब्दांखाली लाल रेघ मारून हाच प्रश्न लिहीत आले आहे. तो मला कुणी विचारला नव्हता.

एकशे ब्याण्णव दुपारींपैकी एकाहत्तर.

हा आकडा कुठून आला ते सांगते. त्या काळी मी वाचलेल्या कादंबऱ्यांची एक वही ठेवत असे. सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, पृष्ठसंख्या. कामाच्या वहीत खोटे लिहिणारी मी, करमणुकीच्या वहीत मात्र काटेकोर होते! ती वही आणि आपली नोंदवही मी शेजारी ठेवल्या. ज्या दिवशी मी जिन्यात होते, त्या दिवशी मी पेटीपाशी नव्हते. इतके सरळ गणित. चार संध्याकाळी लागल्या.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर झाले. पण तू विचारले नाहीस, तेही सांगते.

सारे उघडकीस आले त्या दिवशी सकाळी आठनंतर केव्हातरी पेटीतली बाटली तडकली. पाणी गळून गेले आणि फडके वाळून कडकडीत झाले. तुझी दुपारी दुसऱ्या इमारतीत प्रात्यक्षिक परीक्षा होती. पारा सर तीनला सहज पेटीकडे गेले आणि त्यांनी ते पाहिले. सुकलेले फडके गार होऊ शकत नाही. त्या दुपारी दोन्ही तापमापकांनी एकच आकडा दाखवायला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडली तर तिथे सुवाच्य अक्षरात: कोरडा ३३.६, ओला २४.३.

त्यांच्या खोलीत आपण दोघी उभ्या होतो. त्यांचा पारा चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते.

'ही नोंद कुणाच्या हातची?'

'माझ्या, सर,' तू म्हणालीस.

'कोरड्या चिंधीनं नऊ अंश खाली आणलेत. हे कसं जमलं ते मलाही शिकव.'

तू वळलीस. माझ्याकडे पाहिलेस. तुझ्या नजरेत राग नव्हता; दाराशी उभे राहून आपण 'चल ना' म्हणतो, तशी ती नजर होती. मग सरांनी मला विचारले, 'तू दुपारी गेली होतीस?'

'हो, सर. मी जे पाहिलं ते चिठ्ठीवर दिलं होतं.'

'म्हणजे चिठ्ठीत एक आणि वहीत दुसरं?'

'मला माहीत नाही, सर.'

चिठ्ठी उरलेली नव्हती. नोंद उतरली की चिठ्ठी फाडायची, हाही त्यांचाच दंडक. माझ्या दप्तरात तेव्हा कादंबरीचा दुसरा भाग होता. मी दप्तर पोटाशी धरून उभी होते, आणि सरांनी ते उघडायला सांगितले तर काय, एवढीच काळजी मला होती. तुझे काय होईल याची नव्हती. हे एकतीस वर्षांत मी स्वतःलाही सांगितले नव्हते.

पुढे त्यांनी शेजारच्या केंद्राचे आकडे मागवले, कित्येक दुपारी जुळेनात, आणि तुझे वर्ष रद्द झाले. घरी मामांनी मला बाजूला घेऊन विचारले, 'तू सांग बाई. तू तिच्याबरोबर असतेस. खरं काय?' मी म्हणाले, 'मला काय माहीत, मामा. ताईचं हल्ली कशात लक्ष नसतं.' स्वयंपाकघरात तू भांडी विसळत होतीस. भांड्यांचा आवाज थांबला. 'लक्षच नसेल तर घरी बसलेली बरी,' मामा म्हणाले. मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ताई, अजून एक राहिले. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना तडकलेल्या बाटलीची गोष्ट सांगते. 'एक विद्यार्थिनी होती, तिनं न पाहिलेला आकडा वहीत लिहिला.' मी ती रंगवून सांगते. कोरड्या चिंधीच्या वाक्याला वर्ग हमखास हसतो. सत्तावीस वर्षे तुझ्या फजितीवर मी निरीक्षणाचे महत्त्व शिकवते आहे, आणि उत्तम शिकवते असे म्हणतात.

तुझी धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

काल टिपण दिले. त्यात लिहिले आहे: दुपारच्या एकाहत्तर नोंदी बनावट आहेत; त्या दुपारच्या निरीक्षिकेने, म्हणजे मी, पेटीपाशी न जाता रचल्या; त्या वेळी मी कादंबऱ्या वाचत होते; लेखनिकेचा त्यात दोष नाही. तारखांची यादी जोडली आहे. सकाळच्या नोंदी जशाच्या तशा ठेवाव्यात, असे शेवटी म्हटले आहे.

आमच्या विभागप्रमुखांनी ते वाचून दार लावून घेतले. 'मॅडम, एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट! पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेताय. कोण बघतंय?'

'बघणारं कुणी नसतं तेव्हाच तर अडीचला जायचं असतं,' मी म्हणाले. बोलून गेल्यावर लक्षात आले, की हे माझ्याच पाठ्यपुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणाचे पहिले वाक्य आहे. मान वर करता आली नाही.

वर्गातही सांगितले. गोष्ट तीच, पण विद्यार्थिनी बदलून. या वेळी चिंधीच्या वाक्याला कुणी हसले नाही. मग मागच्या बाकावरून एकीने हात वर केला. मला वाटले, आता विचारणार: तुमची ती बहीण कुठे असते, तिचे पुढे काय झाले.

'मॅडम, ती कादंबरी अजून मिळते का?'

वर्ग हसत सुटला. मीही हसले, ताई. हसले आणि मग फळ्याकडे वळले, कारण हसण्याचा मला अधिकार होता की नाही, हे ठरवता येईना.

आता तुझ्यापुरते तरी सारे स्वच्छ झाले, असे समजते. तुझ्या पत्राची अपेक्षा ठेवत नाही.

तुझी धाकटी


११ मार्च

ताई,

तुझे पत्र मिळाले. चार पाने, कटिंगच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेली. आठ दिवसांत ते इतक्या वेळा वाचले की घड्यांवर कागद विरला आहे. त्यातल्या काही ओळी मी इथे पुन्हा लिहिते. मला त्या समजल्या की नाही, हे तू तपासावेस म्हणून.

'तुला पहिल्यापासून सगळं टापटीप लागतं. पापसुद्धा तू वर्गवारी करून, यादी जोडून कबूल केलंस. पण यादी चुकलीय बाई तुझी.'

'चिठ्ठी तू सकाळीच टाकतेस हे मला तीन महिन्यांतच कळलं होतं. एकदा तुला विचारायला म्हणून वर आले. तू जिन्यात बसली होतीस, चपला काढून. वाचता वाचता एकटीच हसत होतीस. आमच्या घरी तू तशी कधी हसली नव्हतीस. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, वाचू दे. पेटीपर्यंत जायला चार मिनिटं लागतात, मीच जाते.'

'ज्या दुपारी मला तास नसायचा त्या दुपारी मी जायचे. तुझी चिठ्ठी फाडायचे आणि माझा आकडा लिहायचे. ज्या दुपारी जमायचं नाही त्या दुपारी तुझाच उतरवायचे, खोटा आहे हे माहीत असून. म्हणून सरांना हात माझा म्हणाले ते काही तुला वाचवायला नाही. ते खरंच होतं. त्यात माझाही वाटा आहे. फक्त मला वाटलं होतं, तू पण बोलशील. मी थांबले होते तू बोलायची. घरी पण थांबले.'

आणि मग हे:

'तुझ्या एकाहत्तरांतल्या सव्वीस माझ्या आहेत. उन्हात जाऊन घेतलेल्या. तू माझं शिक्षण घालवलंस ते एक झालं. आता पश्चात्ताप करताना माझं केलेलं कामही झाडून काढलंस. मला दोषमुक्त वगैरे करू नकोस. माझे सव्वीस आकडे मला परत दे. मी स्वतः घेतलेल्या आकड्याखाली टिंब द्यायचे. शेवटच्या अंकाखाली. बघ जाऊन.'

मी गेले. संगणकावर चढवलेल्या प्रतीत ती टिंबे दिसत नाहीत. यंत्राने ती कागदावरचे डाग समजून पुसली आहेत. मूळ वही मागवली, खिडकीपाशी नेली, भिंग घेतले. पहिले टिंब सापडले तेव्हा मला ते शाईचा ठिपका वाटले. दुसरे सापडले. मग एकेक पान उलटत गेले. प्रत्येक टिंब शेवटच्या अंकाच्या बरोबर खाली, टाचणीच्या टोकाएवढे. मोजली. सव्वीस.

यांतला प्रत्येक दिवस मी माझ्या कादंबऱ्यांच्या वहीशी ताडून 'बनावट' ठरवला होता. मी पेटीपाशी नव्हते, म्हणजे कुणीच नव्हते, असे मी धरून चालले. पद्धत निर्दोष होती. तिच्यात फक्त तू नव्हतीस.

तेरावे टिंब ज्या तारखेचे आहे त्या दिवशीची माझी नोंद सांगते: घड्याळजीची कथा, पृष्ठे चारशे ते पाचशे दहा, शेरा 'अत्यानंद'. त्या दुपारी वहीत कोरडा तापमापक अडतीसच्या वर आहे. तू त्या उन्हात मैदान ओलांडून गेलीस आणि परत आलीस. संध्याकाळी मी तुला तेच प्रकरण सांगितले असणार, आणि तू 'मग?' म्हणाली असशील.

जुने टिपण मी मागे घेतले आहे. नवे देते आहे. टिंबांची हकिकत तुझ्याच शब्दांत जोडायची परवानगी दे. खात्याला त्यासाठी निरीक्षिकेचे एक प्रपत्र लागते. ते तुला परस्पर पाठवतील. भरशील का? मी आग्रह करत नाही. तो करण्याच्या जागी मी उभी नाही.

तुझी धाकटी


२९ मार्च

ताई,

काम झाले. संशोधिकेने तुझे सव्वीस आकडे शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिले. सगळे अर्ध्या अंशाच्या आत जुळले. तिने आपल्या हाताने लाल खूण काढली. तुझ्या सकाळच्या सर्व नोंदी, रविवारच्या दोन्ही आणि या सव्वीस दुपारी आता कायमच्या राहतील. पंचेचाळीस गाळल्या; त्यांच्यापुढे माझे नाव आहे, आणि तू हट्टाने लिहायला लावलेस म्हणून 'लेखनिकेस कल्पना होती' हेही आहे.

तुझे प्रपत्र काल माझ्या टेबलावरून पुढे गेले. नाव तू माहेरचे लिहिलेस. व्यवसाय: 'कटिंग मास्तर.' त्याखाली एक रकाना होता, 'शिक्षण'. तिथे तू लिहिलेस: 'द्वितीय वर्ष, अपूर्ण.' अक्षर अजून तसेच आहे, किंचितही न कललेले.

आमचा कारकून भला माणूस आहे. तो म्हणाला, 'मॅडम, हा रकाना ऐच्छिक असतो. कोरा सोडू का? बरं दिसेल.'

'नको,' मी म्हणाले. 'त्यांनी लिहिलंय ते तसंच चढवा.'

प्रपत्राखाली साक्षांकन लागते. मी सही केली. सहीबरोबर शिक्का असल्याशिवाय कागद पुढे जात नाही, आणि माझ्या शिक्क्यात नावाखाली तिन्ही पदव्या कोरलेल्या आहेत. कागदावर जागा थोडीच उरली होती. कारकुनाने शिक्का शाईवर दाबला, नेम धरला आणि तुझ्या 'अपूर्ण'च्या बरोबर खाली मारला.

तुझी
धाकटी